एका अंगठ्याचे तीन रिपोर्ट

निवृत्त झाली की माणसं कुठंकुठं जाऊन येतात. आमच्या सोसायटीतलं एक जोडपं व्हिएतनामला गेलं होतं, आल्यावर त्यांनी वीस जणांना बसवून चहा-वेफर्सवर फोटो दाखवले. मीही यंदा प्रवास केला. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि शेवटी वांगणी. नकाशात सगळं मिळून एका वितीत बसेल. तुमच्यापैकी कुणावर तिकडं जायची वेळ येऊ नये, पण आलीच तर वाट ठाऊक असावी म्हणून लिहितो. फोटो नाहीत.

सोबत होती माझी धाकटी बहीण सुनंदा, वय बावन्न. अंबरनाथला बुवापाड्यात राहते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ब्लाउज शिवून तिनं घर चालवलं, मुलीला शिकवलं, लग्न करून पुण्याला पाठवली. बुवापाड्यात शिवणाऱ्या बायका पुष्कळ, पण कटिंग सुनंदाचंच. कागदी फर्मा नाही, खडूची रेघ नाही, माप एकदा डोळ्यांनी घेतलं की सरळ कापडावर कात्री. माझी बायको म्हणते, सुनंदावन्संचा ब्लाउज अंगात घातला की आपण दोन किलोनं कमी वाटतो.

तिच्या उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला, नखाच्या बरोबर मागं, लहानपणापासून एक तीळ होता. कात्रीच्या कडीत अंगठा घातला की नेमका तोच घासायचा. गेल्या दिवाळीनंतर तो पसरायला लागला. एका बाजूनं गडद काळा, दुसऱ्या बाजूनं राखाडी, कडा फाटलेल्या. होळीला ती बदलापूरला आमच्या घरी आली तेव्हा पुरणपोळी वाढताना मला दिसला आणि माझं जेवण तिथंच थांबलं.

आता माझ्याविषयी. बत्तीस वर्षं मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. भोक पाडलेला पार्ट यायचा, त्यात गेज घालायचं. गेजचं एक टोक आत जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बसलं तर पास, नाही बसलं तर लाल रंग. कुणाच्या मताचा प्रश्न नाही. आणि एक नियम मी स्वतः घालून दिला होता: दुसऱ्यांदा तपासणाऱ्याला पहिल्याचं रीडिंग सांगायचं नाही, त्याच्या कानात काहीही घालायचं नाही. या नियमाचा मला फार गर्व होता. तो कुठं नडला ते पुढं येईलच.

बदलापूर

मे महिन्यात बदलापुरात दोन गोष्टी मुबलक, जांभळं आणि धूळ. कात्रपचा रस्ता खणलेला होता, म्हणजे नेहमीसारखाच होता. त्वचेच्या डॉक्टरांकडं आम्ही टोकन घेऊन दीड तास बसलो. आत गेल्यावर पेशंटच्या स्टुलावर सुनंदा आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मी. आमच्याकडं ही पद्धतच आहे. बाईमाणसाला दवाखान्यात नेलं की खुर्ची पुरुषाची आणि बोलायचंही त्यानंच. पोटात दुखतंय तिच्या, आणि कुठं दुखतंय ते सांगतोय हा.

डॉक्टरांनी भिंग लावून अंगठा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यावर आधी काही केलं होतं? जाळलं, कापलं, काही लावलं?"

सुनंदा म्हणाली, "म्हणजे तसं एकदा..."

"छे हो डॉक्टर," मी म्हणालो. "आमच्याकडं असले गावठी उपाय चालत नाहीत. शिकलेली माणसं आहोत आम्ही."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मानेनंच नाही म्हटलं.

त्यांनी दिसत होता तेवढा तीळ एका तुकड्यात काढून बाटलीत घातला आणि लॅबचा फॉर्म पुढं केला. तो मीच भरला, माझं अक्षर चांगलं आहे. 'पूर्वीचे उपचार' या रकान्यात मी लिहिलं: नाहीत. कारखान्यातल्या सवयीनं खाली दोन रेघाही मारल्या.

बाहेर येऊन आम्ही जांभळं घेतली. उजव्या अंगठ्याला पट्टी, म्हणून ती डाव्या हातानं खात होती आणि अर्धी साडीवर सांडत होती. "बघ दादा, डावा हात म्हणजे नुसता शोभेचा आहे माझा," असं म्हणून हसली. जीभ जांभळी झालेली. लहानपणी मामाकडं वांगणीला दिसायची तशीच दिसली मला ती.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मेलॅनोमा. म्हणजे काळ्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर. लॅब चालवणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाई तरुण होत्या, सुनंदाच्या मुलीच्या वयाच्या. मी तडक आत गेलो तरी चिडल्या नाहीत. "काका, मी दोनदा पाहिलं," त्या म्हणाल्या. "रंगाच्या पेशी खालच्या थरात राहायला हव्यात. इथं त्या वर चढल्यात, वेड्यावाकड्या. मला हे साधं म्हणता येत नाही."

सर्जननं तिचा हात टेबलावर ठेवून बॉलपेननं अंगठ्याच्या सांध्यावर रेघ मारली. "इथून वरचा भाग काढावा लागेल. तीळच अशा ठिकाणी आहे की भोवतालचा पुरेसा भाग काढून अंगठा वाचवायला जागा नाही."

सुनंदानं एवढंच विचारलं, "कात्री धरता येईल?"

"होईल सवय," सर्जन म्हणाला.

ती निळी रेघ तीन दिवस तिच्या अंगठ्यावर होती. भांडी घासताना ती तेवढा अंगठा पाण्याबाहेर ठेवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी मात्र त्या रेघेकडं बघून पेटलो होतो. एका पोरीनं काचेतून पाहिलं आणि माझ्या बहिणीचा अंगठा रिजेक्ट? मला दुसरं इन्स्पेक्शन पाहिजे होतं.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नंबर बऱ्याच उशिराचा मिळत होता. तेव्हा कुणीतरी सांगितलं की लॅबकडून काचेच्या स्लाइडी आणि तुकडा ज्या मेणात बसवतात तो ठोकळा मागून घेता येतो आणि दुसऱ्याला दाखवता येतो. हे तुम्हीही लक्षात ठेवा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

अंबरनाथ

मेणाचा ठोकळा मे महिन्याच्या उन्हात न्यायचा म्हणून मी थर्मासमध्ये बर्फ भरला आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठोकळा आणि स्लाइडी ठेवल्या. अक्कल बघा. अंबरनाथला पोचेपर्यंत पिशवीत पाणी शिरलं आणि स्लाइडीवरच्या कागदी लेबलाची शाई पसरून सुनंदाचं नावच वाहून गेलं. आता कुणाचा अंगठा आणि कुणाचा रिपोर्ट!

अंबरनाथचे पॅथॉलॉजिस्ट माझ्याहून मोठे. लेंगा-शर्ट, टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी चहाचा कप आणि त्यावर बशी झाकलेली. त्यांनी थर्मास उघडून पाहिला आणि पोट धरून हसले. "अहो, हे मेण वितळायला तुम्हाला यज्ञ करावा लागेल." मग काचेवर कोरलेला नंबर दाखवला. तो पुसत नाही. बदलापूरला टोकन मिळतं, इथं चहा मिळाला. बशीतून प्यायला मला संकोच वाटला, त्यांना नाही.

पहिला रिपोर्ट मी माझ्या नियमाप्रमाणं दाखवलाच नाही. "कोरा डोळा हवाय," म्हणालो. ते भिंगाला डोळा लावून स्लाइड सरकवत राहिले.

"पेशंट काय करतात?"

"टेलरिंग."

"खाली वण दिसतोय. कात्री-बित्री लागली होती का?"

"टेलर आहे ती, लागतच असणार," मी म्हणालो.

सुनंदा सोबत नव्हती. लग्नसराई होती, सहा ब्लाउज द्यायचे होते. म्हणाली होती, तू जा, तुला सगळं माहितीये.

"तीळ विचित्र आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण मला तीळच वाटतो. आजूबाजूची कातडी थोडी मोकळी काढून घ्या आणि लक्ष ठेवा. अंगठा कापा असं मी लिहिणार नाही." मग माझा चेहरा बघून पुढं म्हणाले, "नाचू नका लगेच. तुम्ही आम्हाला एक शीत देता आणि हंडाभर भात शिजला का विचारता. आम्ही शितावरूनच सांगतो."

मी नाचलोच. सुनंदाला फोन करून शिवमंदिरात बोलावलं, तिचा नवस होता तिथं. दगडातलं कोरीव काम अजून इतकं नाजूक आहे की हात लावायला भीती वाटते, आणि शेजारून नाला असा वाहतो की श्वास घ्यायला भीती वाटते. गाभाऱ्यात खाली उतरायच्या पायऱ्यांवर ती बसूनच राहिली. वर आली तेव्हा डोळे लाल होते, पण हसत होती. मग आम्ही मिसळ खाल्ली. तिनं दोनदा तर्री मागितली, आणि पाव मोडताना अंगठा मुद्दाम वापरत होती असं मला वाटलं.

सर्जननं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि खांदे उडवले. "एक म्हणतो हो, एक म्हणतो नाही. तिसरा घ्या."

म्हणजे निवडणूक झाली की ही! मी तिथंच आवाज चढवला. "अहो, काच तीच, तुकडा तोच. एकाला वाघ दिसतो, दुसऱ्याला मांजर. मग भिंगाचा उपयोग काय?" सर्जन शांतपणे म्हणाला की काही तिळांच्या बाबतीत असं होतं, मोठमोठ्यांचं होतं. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? रक्तातली साखर मोजतात तसा आकडा येतो असंच आपण समजतो. आकडा नसतो. एक माणूस असतो, तो बघतो आणि त्याला काहीतरी वाटतं.

उल्हासनगर कॅम्प १

उल्हासनगरला मी नोकरीत असताना फक्त दिवाळीच्या खरेदीला जायचो. एका दुकानात पँटी शिवतात, शेजारच्यात त्यांना लेबलं लावतात, तिसऱ्यात त्याच पँटी घासून जुन्या करतात आणि नव्या म्हणून विकतात. लॅब एका कापडवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. या वेळी सुनंदा बरोबर होती. जिन्याच्या तोंडाशी थांबून तिनं कापडाच्या ठाणावर हात फिरवला आणि सांगितलं, "दादा, हे अस्तर चांगलं आहे, परत येताना घेऊ."

तिसरे डॉक्टर सिंधी, गोल चेहऱ्याचे, मराठी बोलता बोलता हिंदीत जाणारे. जाताच त्यांनी विचारलं, "पहिले ये बताओ, नाश्ता केलात का?" आणि खालून दाल-पकवान मागवलं. आपल्याकडं घरी आलेल्यालासुद्धा आधी "जेवूनच आला असाल" म्हणतात. पकवान कुरकुरीत, डाळीवर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. सुनंदानं मन लावून खाल्लं. मी नुसतं पकवान मोडत बसलो.

यांना मी दोन्ही रिपोर्ट आणि बदलापूरचा तो फॉर्मही दिला, निर्णयच करायचा होता. पण एक गोष्ट ठरवून गेलो होतो. अंबरनाथच्या डॉक्टरांना कात्रीचं सांगून मी त्यांच्या कानात घातलं, असं मला नंतर वाटायला लागलं होतं. म्हणून ते नाही म्हणाले असतील. इथं एक शब्द बोलायचा नाही. सुनंदालाही जिन्यातच सांगितलं, "तू काही बोलू नकोस. काय असेल ते काच सांगेल."

त्यांनी फार वेळ घेतला. मग आम्हा दोघांना जवळ बोलावलं.

"देखो काका, दोघंही मूर्ख नाहीत. पेशी वर चढल्यात, हे बदलापूरच्या मॅडमचं खरं. पण मॅडमना नाही दिसली ती गोष्ट अंबरनाथच्या सरांना दिसली, खाली वण आहे. आता सवाल हा आहे की वण कशाचा? बाहेरून काही झालं असेल, कुणी जाळलं असेल, तर अर्धवट जळलेला तीळ परत उगवताना असाच वेडावाकडा उगवतो. कॅन्सरची नक्कल करतो. पण काही झालंच नसेल, तर वण आला कुठून? मग शरीर आतूनच त्या तिळाशी भांडलं. ते मेलॅनोमात होतं." त्यांनी माझा फॉर्म उचलला. "इथं तर साफ लिहिलंय, नाहीत. दोन रेघा मारून."

"हो," मी म्हणालो.

सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मग मी मेलॅनोमाच्या बाजूनं आहे. शंभर टक्के नाही. पण मी नाही म्हणालो आणि तो निघाला, तर बहेनजी जातील. हो म्हणालो आणि तो नव्हता, तर अर्धा अंगठा जाईल. चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूनं चुकू, तुम्ही सांगा."

मी सुनंदाकडं पाहिलं. ती म्हणाली, "दादा, तू म्हणशील तसं."

मी हो म्हणालो. दोनास एक. खाली उतरून तिनं अस्तराचं कापड घेतलं, पाच मीटर. दुकानदारानं कात्री मागितली तेव्हा "द्या इकडं, मीच कापते" म्हणून स्वतः कापलं. एका दमात, सरळ. दुकानदार म्हणाला, "वाह भाभी, क्या हाथ है!"

पुन्हा बदलापूर

ऑपरेशनचं वर्णन करत नाही. दवाखाने सगळे सारखेच, पडदे हिरवे आणि नातेवाइकांना बसायला बाक कमी. सांध्यापासून वरचा अंगठा गेला. पट्टी सोडल्यावर तिथं जे होतं ते बघून ती म्हणाली, "एवढुसाच राहिला," आणि पदराखाली हात घेतला. अजूनही घेते.

कापलेला भाग तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला. उरलेल्या भागात गाठीचा अंश आढळला नाही. सर्जननं माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन! आत काहीच नाही. पहिल्याच तुकड्यात सगळं निघून गेलं होतं."

मी वेड्यासारखा पेढे घेऊन बुवापाड्यात गेलो. शेजारणींना वाटले. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस गं बाई. सुनंदानं पेढा डाव्या हातात धरला आणि तसाच ठेवला.

"काहीच नव्हतं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. देवाची कृपा."

"मग दादा, कापलं ते काय होतं?"

मी म्हणालो, शुभ बोल जरा.

वांगणी

गणपती झाल्यावर आम्ही वांगणीला मामीकडं गेलो. आमचं आजोळ. स्टेशनच्या बाजूला स्वस्त घरांच्या इमारती उठल्यात, शहरातल्या लोकांनी शेतघरं बांधलीत, पण मामीच्या घरापुढं भात अजून आहे. पोटऱ्यात आलं होतं, लोंबी अजून आतच. मामी ऐंशीची, पाठ वाकलेली, जीभ सरळ. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. बदलापूरच्या माझ्या घरी सुकट भाजली तर समोरचे दार लावून घेतात, आणि तिथं तर वासानंच भूक लागते. सुनंदा भाकरी मोडायला धडपडत होती. मी तुकडे करून देऊ लागलो तर तिनं ताट बाजूला ओढलं.

मामीनं तिचा हात हातात घेतला आणि उलटसुलट केला. "आगो बाय माजे. ह्यो तोच अंगठा ना गो? दिवालीत तीळ नडतो म्हनलीस, तवा चुना नि सोडा लावला व्हता आपन. अर्धा जलून पडला व्हता की. मंग परत कवा उगवला?"

माझा घास हातातच राहिला.

"काय लावलं होतं?" मी विचारलं.

"चुना रं. कपड्याच्या सोड्यात कालवून. तुज्या आयचा गालावरचा तीळ मीच घालवला व्हता तसा. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत होतं. मी सात वर्षांचा होतो तेव्हा, त्याच ओटीवर, आईच्या गालाला चुना लावताना मी शेजारी बसलो होतो. हाच मी, बदलापूरच्या डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून गावठी उपाय चालत नाहीत म्हणणारा! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी सुनंदाकडं वळलो. आयुष्यभराची सवय, आवाज चढलाच. "तू बोलली का नाहीस?"

ती ताटाकडं बघत म्हणाली, "तू शिकलेली माणसं म्हणालास ना. मग कसं सांगू? तुझी लाज गेली असती. आणि मला वाटलं, एवढ्याशा चुन्यानं काय होतंय."

मामी एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. काहीतरी चुकीचं बोलले का गो, असं विचारत होती. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं झालं. जेवण मात्र पुरं केलं आम्ही, मामीनं रांधलेलं टाकणार कसं.

उल्हासनगर, एकट्यानं

दुसऱ्या दिवशी मी कॅम्प एकला गेलो. सिंधी डॉक्टरांनी मला ओळखलं, पुन्हा नाश्त्याचं विचारलं. मी उभ्यानंच सांगितलं. चुना, सोडा, दिवाळी, अर्धा जळून पडला होता.

मग मी नेलेली स्लाइड त्यांनी लावली, पाहिली, आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, हे तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित मी वेगळं लिहिलं असतं."

"म्हणजे कॅन्सर नव्हताच?"

"असं नाही म्हणालो. कदाचित म्हणालो."

"आता नक्की करता येईल?"

"नाही. आत काही उरलं नाही, हे कॅन्सर पूर्ण निघाला तरी होतं आणि कॅन्सर नसला तरी होतं. ही काच आता कधीच सांगणार नाही." मग म्हणाले, "मीही बहेनजींना विचारायला पाहिजे होतं. समोर बसल्या होत्या. मी फॉर्म वाचला."

माणूस भला. पण मला त्याचा संताप आला, बदलापूरच्या बाईंचा आला, सर्जनच्या बॉलपेनचा आला, आणि सगळ्यांना पुरून उरला तो स्वतःचा आला. बत्तीस वर्षं मी पार्टला गेज लावत होतो. पार्ट बोलत नाही म्हणून गेज लागतं. इथं समोर जिवंत माणूस होतं, आणि मीच त्याला गप्प बसवलं.

बुवापाडा

तिथून मी सुनंदाकडं गेलो. दुपारचे तीन वाजले होते. दारात उभा राहिलो तेव्हा तिनं मला पाहिलं नाही. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून ती डाव्या हातानं कात्री चालवत होती. आता खडूनं रेघ आखून घेतली होती. कात्री रेघेवरून सुटत होती, ती परत आणत होती. शेजारी कापलेल्या कागदांचा ढीग. आमची ही तीच बहीण, जिला कधी खडू लागला नाही.

"गेला होतास ना उल्हासनगरला?" मान वर न करताच तिनं विचारलं. तिला माझी चाल ओळखू येते.

"हो."

"चुन्याचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

डॉक्टरांचा तो 'कदाचित' माझ्या तोंडाशी आला होता. तो तिला दिला असता तर तिनं जन्मभर सांभाळला असता. मी चपला काढल्या, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं, प्यालो.

"म्हणाले, चुन्याचा काही संबंध नाही. कापलं ते बरंच झालं."

सुनंदानं कात्री खाली ठेवली. मोठा श्वास सोडला. केवढा तरी वेळ तिनं तो धरून ठेवला असणार.

"मग बरं," ती म्हणाली. "रात्रंदिवस मला एकच वाटत होतं दादा, मी गप्प बसले म्हणून गेला अंगठा."

ती गप्प बसली नव्हती. तिनं तोंड उघडलं होतं, "म्हणजे तसं एकदा" इतकं म्हणालीही होती. पुढचं मी बोललो होतो. आजही मीच बोललो.